ईराची गोधडी आणि नवा व्हॉल्व्ह

तुम्ही हसाल, पण मला अजून वाईट वाटतं. इकडे थंडीत घरं भिंतीलगतच्या रेडिएटरने तापवतात, त्यात गरम पाणी फिरतं. थंडीच्या आधी घरमालकाने विचारलं, "रेडिएटरचे जुने व्हॉल्व्ह ठेवू की बदलू?" आमचे हे म्हणाले, "राहू दे ना, चांगले चालतात." मी म्हटलं, "खोलीची नुसती भट्टी होते. ईरा रांगायला लागलीय, हात भाजेल तिचा." मग बदलले. नवा व्हॉल्व्ह खोली तापली की आपोआप बंद होतो.

तरी माझी भीती जाईना. माझ्या आईने ईरासाठी गोधडी शिवून पाठवली होती. आली त्याच दिवशी मी ती रेडिएटरवर व्हॉल्व्हसकट घट्ट बांधली. खोली गारठली, ईराला सर्दी झाली. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "जुनेच बरे होते हो. तुमचं ऐकायला हवं होतं."

ह्यांनी गोधडीखाली हात घातला. "अगं, व्हॉल्व्हला इथे मस्त उकडतंय. त्याला वाटलं खोली तापली, म्हणून बंद होऊन बसलाय."

तेवढ्यात आईचा फोन. "नात गोधडी पांघरते ना गं?"

मी ईराचं नाक पुसत "हो" म्हटलं. त्या गोधडीत आजवर एकटा व्हॉल्व्हच झोपलाय, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?