जिना चढून दम लागला

आमच्या बायकोचं, सरिताचं, चिकाटीचं काम सांगतो तुम्हाला. ती शुक्रवार पेठेत घरीच बसून घरांचे नकाशे काढते. त्या दिवशी संध्याकाळी अकलूजचे मारुतीमामा येणार होते. त्यांना आपलं नवं घर बांधायच्या आधी कॉम्प्युटरवर आतून फिरून बघायचं होतं. पसंत पडलं तरच काम आमच्याकडं. पण आमचा जुना कॉम्प्युटर त्या घराच्या दारातच अडकत होता.

"प्रोसेसर जरा पळवते," सरिता म्हणाली.

तिनं मल्टिप्लायर, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाचा गुणक, वाढवला, तर प्रोसेसर तापून कॉम्प्युटर बंद पडला. मल्टिप्लायर पूर्ववत करून बसचा, म्हणजे प्रोसेसरला मेमरीशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग चढवला, तर मेमरीला झेपेना आणि स्क्रीन निळी झाली.

मी म्हणालो, "राहू दे की. मामांना कागदावर दाखवू."

"मल्टिप्लायर आणि बसचा वेग, या दोन्हींच्या गुणाकारावर प्रोसेसर पळतो. एकालाच ताणून कसं चालंल?"

मग मेमरीला झेपेल इतकाच तिनं बसचा वेग ठेवला आणि प्रोसेसर तापू नये म्हणून मल्टिप्लायर मूळच्यापेक्षा एक पायरी खाली आणला.

"अगं, वाढवायचं सोडून कमी काय करतीस?"

"गुणाकार आधीपेक्षा जास्तच येतोय. तुम्ही चहा ठेवा."

चहा उकळेपर्यंत घरात दारापासून गच्चीपर्यंत न अडकता फिरता यायला लागलं.

मामा आले, खुर्ची ओढून बसले. सगळं घर बघून झाल्यावर म्हणाले, "घर लई झाक हाय, पोरी. कामाला लाग. पर जरा सावकाश फिरव की, जिना चढून दम लागला मला."