शेवटच्या कडव्यातलं नाव

आमगावच्या बसथांब्यावर देवाजीच्या शेजारी अलका आपल्या काकीला गाण्याचा छापील परचा वाचून दाखवत होती.

"'गुडघाभर चिखल, पोटात बाळ, तरी धानाचा रोवणा थांबेना.'"

"कोनं लिवलं व?"

"शेवटच्या कडव्यात नाव हाय. 'देवाजी सांगे.'"

"मानसाले का मालूम पोटुशीचा रोवणा? बायकोनं सांगतलं असंल."

"सांगतलं नाही बाई," देवाजी बोलला, "तिनंच रचलं. बाईचं नाव कोन छापते म्हून मी माहं टाकलं."

"तिले इचारलं होतं?"

"नाही. मागच्या साली गेली ते."

"नाव का होतं तिचं?"

"पार्वता."

अलकानं परचा गुंडाळला आणि चालीवर म्हटलं, "'पार्वता सांगे...'"

"बसते बराबर," काकी म्हणाली.

"फिरून एकडाव म्हन, माय," देवाजी म्हणाला.