टेपनं मोजा, ठोकू नका

—नाही हो, दुकान नाही आमचं. सगळेच विचारतात. घरचंच आहे हे, घरच्याच वापराचं. त्या उंच थप्पीत टॉयलेट रोल, खिडकीखाली कागदी ताटं आणि पेले, त्या निळ्या पिशव्यांत कचऱ्याच्या पिशव्या—हो, पिशव्यांत पिशव्या, हसा तुम्ही, आमचे हेही हसतात. पोरं शिकायला बाहेर, घरात माणसं दोन, आणि नॅपकिन पलटणीला पुरतील एवढे, असं म्हणतात. म्हणून तर तुम्हाला बोलावलं, सुतारदादा. छतापर्यंत फळ्या मारून द्या, म्हणजे यांचं तोंड बंद होईल. फक्त या भिंतीला हात नको. आणि ठोकून तर अजिबात बघू नका. टेपनं मोजा, डोळ्यांनी बघा, पण ठोकायचं नाही.

का म्हणजे? पातळ आहे भिंत. पलीकडे माझे दीर राहतात—दीर आणि धाकटी जाऊ. आधी एकच घर होतं, पोरं झाली, दोन चुली झाल्या, तेव्हा मधे ही भिंत घातली, अगदी गोडीगुलाबीनं. भांडण नंतरचं. तर मी काय सांगत होते—संपण्याचं. वस्तू संपायच्या आत आणावी की संपल्यावर? तुम्हीच सांगा. खिळे संपले म्हणून तुम्ही शिडीवरून उतरून बाजारात पळता का? नाही ना? आमची धाकटी पळायची. बाजारात नाही, इथं. पाहुणे येऊन बसलेत आणि हिच्याकडे कागदी पेला नाही. बोट कापलंय आणि कापूस नाही. मग या भिंतीवर दोनदा टकटक—की मी समजायचं, बाईसाहेबांचं काहीतरी संपलं. मीही उलट दोनदा ठोकायची, म्हणजे—ये, आहे. की आलीच, ओले हात तसेच झटकत. "ताई, एकच रोल द्या, उद्या आणून देते." तो उद्या काही उजाडला नाही. आणि आली की हलायचं नाव नाही. इथंच एखाद्या खोक्यावर बसायची, रोल मांडीवर घेऊन, आणि साऱ्या गल्लीच्या नकला करायची. औषधांच्या दुकानातला तो माणूस शिंक आली की गिऱ्हाइकाकडे कसा रागानं बघतो—अहो, हसून हसून माझ्या पोटात दुखायचं. कामं सगळी पडून राहायची. आता बघा, कशी भराभर उरकतात. दुपारनंतर तर करायला काही उरतच नाही.

भांडण? झालं काही नाही हो. चार बायका बसल्या होत्या माझ्याकडे, तेवढ्यात हिची टकटक. मी म्हटलं—हसतच म्हटलं—आलं बघा गिऱ्हाईक, माझं घर म्हणजे हिचं गोदाम झालंय. भिंत पातळ, सांगितलं ना मघाशी. त्या दिवशी ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दारात एक खोकं. रोल, पिशव्या, कापूस, फॉइल—आजवर नेलेलं सगळं, नवं कोरं. आता गमतीतलं बोलणं इतकं मनाला लावून घ्यायचं का? मी मोठी. मी का आधी ठोकायचं? …नाही, ते खोकं हलवू नका. तेच ते. तळाशीच राहू दे. उघडलेलं नाही मी, उघडणारही नाही. उघडलं म्हणजे फिटलं सगळं, असं होईल.

कुठले, ते गुलाबी नॅपकिन? सुगंधी आहेत ते. मला त्या वासानं शिंका येतात आणि यांचं डोकं उठतं. मग आणले कशाला—तुम्ही सुतार की वकील? स्वस्त होते. बरं, स्वस्त नव्हते. तिला तेच लागतात, साधे चालत नाहीत, नखरे केवढे. आता आणते आपली एकेक पाकीट, काखेत धरून, भर उन्हात. मी बघते खिडकीतून. म्हणजे बघत नाही, दिसते, खिडकी आहे म्हणून. परवा तर पाहुण्यांना बसवून धावत गेली, आणि इथं हा ढीग. जीव तुटतो हो—नॅपकिनांसाठी म्हणते मी, धूळ बसते त्यांच्यावर. आणि आता भाऊजी सांगत होते, दुसरीकडे जागा बघतायत. लांब, पार गावाच्या त्या टोकाला. जाऊ देत. भिंत मोकळी मिळेल मला, इकडूनही फळ्या मारता येतील, केवढी सोय. चला, घ्या माप. तिकडून धरा, मी इकडून—

दादा. अहो दादा, काय केलंत हे? ठोकू नका म्हटलं होतं ना मी. पोकळ आहे का ते बघत होता, हो, पण ठोकलंत तेही नेमकं दोनदा. आणखी चारदा तरी ठोकायचं, म्हणजे सुताराचं वाटलं असतं. आता तिला वाटेल मीच. वाटेल, ताईंचं काहीतरी संपलं. माझं, एवढ्या ढिगात बसून. हसेल ती. हसू दे, निदान ऐकू तरी येईल. नाही, आता पुन्हा ठोकू नका. गप्प उभे राहा जरा.

गप्प.

…ऐकलंत? दोनदा. पलीकडून, दोनदा. म्हणजे—

टेप गुंडाळा तुमची. नकोत फळ्या, आज नको आणि उद्याही नको, निघा तुम्ही. माझ्या चपला कुठं गेल्या? आणि हे बघा, बाहेर कुणी विचारलं तर तुम्ही ठोकलेलं नाही. मी ठोकलं. पण आता जाऊन मागू काय तिच्याकडे? या घरात संपलेलं असं काहीच नाहीये. तुम्ही तरी सुचवा काहीतरी, नुसते बघताय काय.

खिळे. हां, खिळे नाहीत आमच्यात. खिळे मागते. सरका बाजूला, दादा, ती दार उघडून उभी असेल.