जिन्याचा रंग

दवाखान्यात आजींना तपासायला आत नेल्यावर सोसायटीचा अध्यक्ष असलेला त्यांचा मुलगा आणि सोसायटीचे खजिनदार धापा टाकत बाकावर टेकले. शेजारी नंबराची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंनी कान टवकारले.

"लिफ्ट बंद पडलेली, तुम्ही खुर्चीला हात लावलात, म्हणून आईला चौथ्या मजल्यावरून उतरवता आलं."

"लिफ्टसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावू नका, म्हणून मी घसा कोरडा केला होता."

"तेव्हा लिफ्ट धडधाकट होती हो. पैसा नुसता पडून कशाला ठेवायचा, असं वाटलं."

"म्हणून जिना रंगवून घेतलात."

"व्याही पहिल्यांदाच घरी येणार होते. चार माणसांत शोभा नको?"

"आले ना? जिन्याने?"

"नाही, लिफ्टने."

"मग तो रंग बघितला कोणी?"

"आज आईने. उतरताना म्हणाली, छान झालाय."