निर्णयाची गरज नाही

थोरला : …ते सगळं मान्य. पण एक फोन करायला काय झालं होतं तुला? एक फोन!

धाकटी : फोन? वा रे वा! दोन वर्षांपूर्वी याच ओट्यापाशी उभं राहून कोण म्हणालं होतं, “यापुढं माझ्याशी बोलायचं असेल तर फोनातल्या मदतनिसामार्फत बोल”?

थोरला : तू काय म्हणाली होतीस ते नाही आठवत?

धाकटी : आठवतं की. “आईला मी सांभाळते, तू फक्त सल्ले पाठव.” खोटं होतं का?

मावशी : झालं का सुरू? कालच बहिणीला स्मशानात पोचवून आले मी. चहा निवतोय, तो तरी घ्या आधी.

थोरला : मला नकोय चहा, मावशी.

मावशी : घे मुकाट्यानं. उपाशी माणसाला भांडायलाही नीट जमत नाही. दोन वर्षं मात्र फार गुण्यागोविंदानं चाललं हो तुमचं. हिच्या फोनातला एआय आणि तुझ्या फोनातला एआय. “नमस्कार, आईंच्या गोळ्या संपल्या.” “धन्यवाद, पाठवतो.” एवढ्या गोड आवाजात तर नवी सूनसुद्धा बोलत नाही.

थोरला : त्यामुळं कामं झाली ना? गोळ्या वेळेवर आल्या, चाकाची खुर्ची आली, नर्स आली.

धाकटी : तू तेवढा आला नाहीस.

थोरला : मला कळलं असतं तर आलो नसतो?

धाकटी : कळवलं होतं! परवा सकाळी डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही उरलं नाही. मी लाँड्री बंद केली, गिऱ्हाइकांचे कपडे तसेच मशीनमध्ये ओले सोडले आणि दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मदतनिसाला म्हणाले, “दादाला सांग, आई वाट बघतेय. असशील तसा नीघ म्हणावं.” रडत सांगितलं मी. मावशी होती शेजारी.

मावशी : होते. रडत काय, हंबरडाच फोडला होता हिनं.

थोरला : मला असं काहीच आलं नाही.

धाकटी : मग काय आलं?

थोरला : संध्याकाळी दिवसभराचा गोषवारा येतो. त्यात होतं… “आईंचे उपचार थांबवले आहेत. आपल्या निर्णयाची गरज नाही.”

धाकटी : संध्याकाळी?

थोरला : गाडीच्या सर्व्हिसिंगच्या खाली.

मावशी : अरे देवा!

धाकटी : आणि “वाट बघतेय”? “नीघ”? ते कुठं गेलं?

थोरला : ते… तुझ्याच मदतनिसानं गाळलं असणार.

धाकटी : माझ्या? का? मी काय शिवी दिली होती?

थोरला : तसा नियम आहे. एका मदतनिसानं दुसऱ्याच्या माणसावर भावनेचा दबाव आणायचा नाही. फक्त खात्रीची माहिती द्यायची.

धाकटी : नियम! आणि पुढं?

थोरला : पुढं माझा मदतनीस विचारतो, “यात माझ्या माणसानं काही ठरवायचं आहे का?” ठरवायचं नसेल तर माणसाला कामातून उठवायचं नाही. तुझ्या मदतनिसानं सांगितलं, नाही.

धाकटी : बरोबरच आहे. काय ठरवणार होतास तू? ठरवायचं काही शिल्लकच नव्हतं. आई तेवढी शिल्लक होती.

मावशी : कोण मेला बसतो रे असले नियम लिहायला? तुझ्याच हापिसात करतात ना हे?

धाकटी : मावशी, त्याला काय विचारतेस? हाच लिहितो.

थोरला : मी एकटा नाही. समिती आहे.

धाकटी : दबावाचा नियम कुणाचा?

थोरला : माझा.

धाकटी : आणि कामातून न उठवण्याचा?

थोरला : तू समजून घे ना! आधी काय गोंधळ असायचा माहितीये? एकाचा मदतनीस दुसऱ्याच्या मदतनिसाला रडून दाखवायचा, घाबरवायचा, “लगेच करा, नाहीतर गेलात” म्हणायचा. लोक लुबाडले जात होते. कुणीतरी आवर घालायलाच हवा होता.

धाकटी : घातलास. छान घातलास.

थोरला : परवा सकाळी मी कुठं होतो सांगू? मीटिंगमध्ये. तोच नियम वाचून दाखवत होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मावशी : कप द्या इकडं. माझ्याच्यानं ऐकवत नाही. आणि तू गं, त्याला आईचं सांगून टाक. नाहीतर मी सांगेन.

(मावशी कपबश्या उचलून आत जाते.)

थोरला : काय सांगायचंय?

धाकटी : काही नाही.

थोरला : माझी आठवण काढली होती तिनं?

धाकटी : काढली होती का म्हणून विचारतोस? सकाळपासून एकच. “भोंगा कुठाय? घर एवढं गप्प का?” दवाखान्यालाच घर समजत होती. “भोंग्याला बोलवा, तो आला की कळतं तरी.”

थोरला : भोंगा. किती वर्षांत कुणी म्हटलं नाही.

धाकटी : कोपऱ्यावर असतानाच ओरडायचास, “आई, भूक!” अख्खी गल्ली जेवायला उठायची.

थोरला : तू तिला काय सांगितलंस?

धाकटी : तुझ्याकडून उत्तर आलं होतं ना तेव्हा. “कळवल्याबद्दल आभार. नोंद घेतली आहे. आईंना आराम मिळो.” मला वाटलं, तूच लिहिलंस. एवढं रडून सांगितलं आणि हा नोंद घेतो! डोक्यात तिडीक गेली माझ्या. म्हटलं, ऐकू दे तिलाही, लेक कसा आहे तो.

थोरला : तू तिला ते वाचून दाखवलंस?

धाकटी : वाचलं नाही. लावलं. तुझ्या आवाजात बोलतो ना तुझा मदतनीस. उशीशी फोन धरला.

थोरला : मग?

धाकटी : ऐकलं तिनं. डोळे मिटूनच. मग म्हणाली, “हा नव्हे गं. हा कुणीतरी दुसराच आहे. भोंग्याला लाव.”

थोरला : मग?

धाकटी : मी म्हटलं, “तोच आहे आई. आता असाच बोलतो तो.”

थोरला : आणि लावलास का मग फोन? माझा नंबर तोच होता गं. थेट केला असतास तर वाजला असता. माणसानं माणसाला केलेला फोन कुठलाच नियम अडवत नाही.

धाकटी : माहीत होतं.

थोरला : मग?

धाकटी : म्हटलं, आपण कशाला लावायचा? दोन वर्षांत त्यानं तरी कुठं लावला?

थोरला : खरंय. नव्हता लावला.

धाकटी : संध्याकाळपर्यंत होती ती, दादा. नंबर पाठ होता मला.