आईने व्याजदर खाली आणला

चहा येईपर्यंत आईचा पराक्रम ऐका.

आमच्या वरच्या मजल्यावरची प्राची संशोधन करते. पैशांच्या व्यवहारातली समज तपासणारी चाचणी देताना माणसाचा मेंदू कसा चालतो, ते ती एमआरआयमध्ये बघते. अख्ख्या अंबरनाथात तिला सापडलं कोण, तर माझी आई!

आईला मशीनमध्ये झोपवलं. समोर कर्जाचा व्याजदर दिसणार. पटला तर हिरवं बटण, नाही तर लाल. हलायचं नाही, बोलायचं नाही. मी काचेपलीकडे प्राचीजवळ बसलो.

पहिला दर आला, बारा टक्के. आई ढिम्म. अकरा आला, तरी ढिम्म. साडेदहालाही तेच.

प्राची घाबरली. "काकू झोपल्या का रे? पण मेंदू तर जोरात चाललाय!"

आई बाहेर आल्यावर प्राची रडवेली होऊन म्हणाली, "काकू, एकही बटण का नाही दाबलं? चाचणीचे सगळे मार्क गेले."

"अगं, उल्हासनगरात कापड घेताना काय करतो आपण? भाव ऐकायचा आणि गप्प बसायचं. दुकानदार आपणहून खाली येतो. तुझं मशीन पण येतच होतं की! जरा थांबली असतीस, तर नऊवर आणलं असतं."

प्राचीने कपाळाला हात लावला आणि मानधनाचं पाकीट पुढे केलं. आईने पाकिटाकडे पाहिलं आणि गप्प बसली.

"बरं काकू, रिक्षाचे वेगळे देते."

आई गप्पच.

"जाण्या-येण्याचे, दोन्ही."

आईने पाकीट पर्समध्ये टाकलं. "हे बघ, दाबलं हिरवं बटण."