दगडावरचं पाऊल आणि सिसिलिया टीचर

फादर, टीचरांच्या घरची मंडळी, आणि जमलेल्या सगळ्यांनो, पापडीच्या या हॉलमध्ये मी पुष्कळदा बोललेय. पण टीचरांच्या शोकसभेत बोलायची वेळ पहिलीच. सांभाळून घ्या.

मी सुगंधा. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. सिसिलिया टीचरांनी मला नववीत भूगोल शिकवला.

त्या वर्षी त्यांनी आमची सहल जैसलमेरला नेली. गावाबाहेर वालुकाश्माचा, म्हणजे वाळूचाच झालेला, पिवळट कातळ होता. त्यावर तीन बोटांचा ठसा. डायनासोरचा. माझ्या तळहातात मावेल एवढा! मुली हसल्या, "टीचर, ही तर कोंबडी!" टीचर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दगडात पाऊल रुतलं कसं?"

मी म्हटलं, "टीचर, तेव्हा तो दगड नव्हताच. पानी सरल्यावरची ओली वाळू होती. आमच्याकडे ओहोटीला बगळ्याचे पाय उमटतात, तसे. ते सुकले, वर दुसरी वाळू बसली."

टीचर बघतच राहिल्या. "हे मला पुस्तकातून शिकावं लागलं, पोरी."

दहावीनंतर माझं शिक्षण सुटणार होतं. बाबा वारले होते. मासळी विकायला आईला जोडीला कुणी हवं होतं. टीचर चिखल तुडवत थेट मासळीच्या लिलावात आल्या.

आई म्हणाली, "टीचर, दगड बघून पोट भरतं का?"

"ठाऊक नाही. खोटं नाही बोलणार. पण हिला दगड वाचता येतो. ते वाया घालवू नका."

दुसऱ्या दिवशी मासळीची पाटी आईनं एकटीनंच उचलली. आई, तू समोर बसलीयस. तुझेही उपकार.

पुढे दोन वर्षं, दर शनिवारी, टीचरांनी मला घरी बोलावून इंग्रजी शिकवलं. आधी जेवण, मग इंग्रजी. आज मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. कुणामुळे? सांगायला हवं का?

गेल्या महिन्यात भेटायला गेले. त्या अंथरुणावर होत्या. त्याच कातळावर नव्यानं सापडलेल्या ठशांचा फोटो दाखवला. चार पावलं, आणि पुढे दगडाचा वरचा थर आडवा.

टीचरांनी बोट ठेवलं. "पुढे कुठे गेला गं हा?"

"थराखाली असेल, टीचर. अजून कुणी पाहिलं नाही."

"मग तू इथे काय करतेयस?" म्हणाल्या, आणि हसल्या.

टीचर, मी परवा जैसलमेरला निघतेय.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं काहीच बोलू नका. फक्त टीचरांना आठवा.